हौगांगची लाहोरी फौज

सिंगापूरला, हौगांगमध्ये, आमच्या ब्लॉकखालच्या फळवाल्या अंकलने पपई कापायला सुरी उचलली, की दलबीरसिंग फौजी हात जोडतो. नुसते जोडत नाही, डोळे मिटून उभा राहतो. सुरी पपईतून आरपार गेली, दोन फाका वेगळ्या झाल्या, की मग डोळे उघडतो आणि समाधानाने मान हलवतो. अंकल चिनी आहे, सत्तरीच्या पुढचा आहे, आणि एवढ्या वर्षांत त्याची पक्की समजूत झाली आहे की भारतात पपई हे देवाचं फळ असावं. मी एकदा त्याला समजावून सांगायला गेलो, की हा माणूस पपईला नाही, सुरीला नमस्कार करतो. तेव्हापासून अंकल माझ्याशीही जरा जपूनच बोलतो.

फौजी माझा शेजारी. एकाच कॉरिडॉरमध्ये त्याचं दार आणि माझं दार. मी साठे, पुण्याचा. तांजोंग पगारला एका बँकेच्या जुनाट सॉफ्टवेअरची मलमपट्टी करतो आणि त्याला ट्रान्सफॉर्मेशन म्हणतो. हा धिप्पाड सरदार पहिल्यांदा लिफ्टमध्ये भेटला तेव्हा मी आपल्या परीने हिंदीत सुरुवात केली, "आप पंजाब में कहाँ से हैं?"

"मी नांदेडचा हाय," तो म्हणाला. "तुम्ही कोण्या गावचे?"

"पुण्याचा."

"असू द्या, असू द्या," म्हणत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझं सांत्वन करावं असं मी काय बोललो होतो, ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच संध्याकाळी तो ओळख करून घ्यायला म्हणून घरी आला आणि दिवाणखाना ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेला. माझी बायको मेधा टोमॅटो चिरत होती. फौजीने तिच्याकडून सुरी मागून घेतली, कपाळाला लावली, अंगठ्याने धार बघितली, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखा सुस्कारा सोडला.

"वहिनी, ह्या सुरीनं तुम्ही टमाटा कापत नाहीत. तुम्ही त्याला समजावून सांगायलाव."

सुरी तो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत आली, आणि मेधाने पहिल्याच टोमॅटोबरोबर स्वतःचं बोट कापून घेतलं. फौजी पट्टी बघायला आला. "बघा, आता कशी शुद्धीवर आली!" तो आनंदाने म्हणाला. त्याला सुरी म्हणायचं होतं.

तेव्हापासून रविवारची सकाळ धारेची. कॉरिडॉरमध्ये स्टूल टाकून, शेजारी पाण्याची वाटी आणि मांडीवर जुना पंचा घेऊन फौजी बसतो आणि मजल्यावरच्या सगळ्या सुऱ्या, कात्र्या, सोलण्या एकेक करून दगडावर घासतो. खालच्या मजल्यावरच्या मिसेस टॅन आपला बदक तोडायचा सुरा आणून देतात आणि बदल्यात संत्री ठेवून जातात. फौजी पैसे घेत नाही, थांबा म्हटलं तर थांबत नाही. सुरी परत देताना मूठ तुमच्याकडे, पातं स्वतःकडे, आणि निरोप घेताना 'येतो' म्हणायच्या ऐवजी "धार राहू द्या!" एवढंच. आमच्या मुलीला, इराला, हे एवढं आवडलं की ती शाळेच्या बसमध्ये चढतानाही, इथल्या पोरांसारखं शेपूट जोडून, आम्हाला "धार राहू द्या, लाह!" म्हणते.

हे सगळं येतं कुठून, तर लाहोरहून. पंजाबचा सिंह म्हणून ज्यांच्याबद्दल आपण शाळेत अर्धं पान वाचतो आणि परीक्षेत तो प्रश्न ऑप्शनला टाकतो, ते लाहोरचे एका डोळ्याचे महाराज. फौजीच्या घरची हकिगत अशी, की या महाराजांनी नांदेडला गोदावरीकाठी गुरुद्वारा बांधायला पैसा धाडला, कारागीर धाडले, आणि दक्खनेत फौजही धाडली. त्या लाहोरी फौजेत याचा खापरपणजोबा होता. पुढे महाराज गेले, लाहोरचं राज्यही गेलं. नांदेडला आलेली माणसं मात्र तिथेच राहिली, ज्वारीची भाकरी खायला लागली, मराठीत भांडायला लागली. लाहोरचं म्हणून आता दोनच गोष्टी उरल्यात. एक फौजी हे आडनाव, आणि एक तलवार, जी नांदेडच्या घरी भिंतीवर असते आणि दसऱ्याला तेल लावायला खाली उतरते.

फौजी महाराजांचं नाव कधीही घेत नाही. घरातल्या थोरल्या माणसाचं नाव घेऊ नये, तसं. तो 'सरकार' म्हणतो. "सरकार कधी मिरवायला म्हणून सिंहासनावर बसले नाहीत. साध्या खुर्चीवर मांडी घालून बसायचे. कपडे बी साधे," असं तो एकदा नुकत्याच पुण्याहून आलेल्या एका तरुण इंजिनिअरला सांगत होता. पोरगं आपण सिंगापूरच्या सरकारबद्दल ऐकतोय अशा समजुतीने आदराने माना डोलवत होतं. "व्हेरी हंबल लीडरशिप," तो शेवटी म्हणाला. फौजीला हे इतकं पटलं की त्याने त्याच्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून दिली.

सरकारांचा डावा डोळा लहानपणी देवीत गेला. म्हणून फौजी कुठलाही गंभीर निर्णय घेताना डावा डोळा मिटतो. "दोन डोळ्यांनी बघितलं की दोन विचार येतात," असं त्याचं म्हणणं. मासे घेताना, लिफ्टचं बटण दाबताना याने कोणाचं बिघडत नाही. पण ऑफिसच्या वार्षिक मुलाखतीत त्याने एचआरच्या बाईंसमोर पगाराच्या आकड्याचा विचार करताना डोळा मिटला. बाईंनी तक्रार केली. मग त्याला योग्य वर्तनाच्या स्लाइड्स दाखवण्यात आल्या, आणि त्याने त्या बाईंना लाहोर, देवीची साथ आणि एका डोळ्याने चालवलेलं राज्य असं सगळं तपशीलवार सांगितलं. आता त्याच्या नावासमोर 'कल्चरल' असा शेरा आहे, आणि सिंगापूरच्या कुठल्याही ऑफिसात या शब्दापुढे कोणी चौकशी करत नाही.

नोकरी काय करतो विचाराल, तर जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर. म्हणजे कोणाला खरचटू नये याचा त्याला पगार मिळतो. ज्याला खंडा, कट्यार, बर्ची, तेगा यांतले फरक झोपेत सांगता येतात, तो दिवसभर टेबलांच्या टोकदार कोपऱ्यांना रबराच्या टोप्या घालत फिरतो. सगळ्या कंपनीला त्याची मेल जाते: कात्री देताना मूठ समोरच्याकडे. एकदा त्याने इराला चक्र कसं फेकतात ते दाखवलं. चक्र म्हणजे बाहेरच्या कडेला धार असलेलं पोलादी कडं. जुने लढवय्ये ते पगडीवर एकावर एक चढवून रणात जात. कडं नव्हतं म्हणून त्याने आमची नाश्त्याची ताटली बोटावर फिरवली. ती कॉरिडॉरच्या कठड्यावरून सुटली आणि खाली मिसेस टॅनच्या मिरचीच्या कुंडीत उतरली. कोणाला लागलं नाही. तरी फौजीने त्या संध्याकाळी स्वतःच्याच विरुद्ध अपघात-थोडक्यात-टळला असा अहवाल लिहिला आणि लिफ्टशेजारी डकवला. आरोपी, साक्षीदार आणि तपास अधिकारी तिन्ही तोच होता.

आणि ती विळी. तोआ पायोहला एक मराठी कुटुंब राहतं. त्यांच्याकडे आजीने साताऱ्याहून दिलेली खोबरं खवायची विळी आहे. तिला धार लावायला फौजी ती पिशवीतून घेऊन निघाला आणि एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर नेमकी बॅगांची तपासणी लागली. यंत्राच्या पडद्यावर जे उमटलं ते बघून तिथला तरुण पोलीस दोन पावलं मागे सरला. वाकडं पातं, पुढे दातेरी चक्ती, खाली पाय ठेवायला पाट. त्याने आदबीने विचारलं, "सर, धिस वन व्हॉट मार्शल आर्ट?"

"कोकोनट," फौजी म्हणाला.

एवढ्याने भागेना, तेव्हा त्याने विळी उघडली, स्टेशनच्या स्वच्छ फरशीवर एक पाय दुमडून बसला आणि नसलेला नारळ खवून दाखवला. लोक वळसा घालून जात होते. पोलिसाने वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी प्रात्यक्षिक पुन्हा मागितलं. शेवटी समज देऊन, विळी वर्तमानपत्रात गुंडाळायला लावून सोडलं. त्या दिवसापासून फौजीचं मराठी बायकांबद्दलचं मत फार उंचावलं आहे. "सरकारच्या फौजेत सगळं होतं," तो म्हणतो, "पण पातं जमिनीवर ठेवून आपणच त्याच्यावर चालून जायचं, हे धाडस कुणात नव्हतं."

इथल्या आमच्या मराठी मंडळाने अशा माणसाला हेरलं नसतं तरच नवल. खंडेनवमीला मंडळातर्फे शस्त्रपूजन असतं. हॉलमध्ये पांढरी चादर अंथरतात आणि तिच्यावर ओळीने लॅपटॉप मांडतात. बहुतेक कंपनीच्या मालकीचे. त्यांना हळदकुंकू, वर सोन्याच्या भावाने आणलेला झेंडू. फौजी पहिल्या वर्षी ती ओळ तपासत शेवटपर्यंत गेला आणि परत आला.

"ह्याला धार कुठून लावायची?"

"फौजीसाहेब, आजच्या काळात हेच आमचं शस्त्र," आमचे अध्यक्ष केळकर म्हणाले. ते एका फिनटेक कंपनीत डायरेक्टर आहेत आणि साधं बोलतानाही समारोप करतात.

"उशाला घेऊन झोपता का?"

"झोपतो की," केळकर म्हणाले, आणि यात खोटं काही नव्हतं.

मागच्या वर्षी दसऱ्याला ऐतिहासिक लढाईचा प्रवेश बसवायचा ठरला आणि फौजीला शस्त्रसल्लागार नेमलं. तलवारी थर्माकोलच्या, चंदेरी कागद लावलेल्या. फौजीने त्यातली एक उचलली, सवयीने कपाळाकडे नेली आणि अर्ध्यावरून खाली ठेवली. तालमीत त्याने मावळ्यांना तलवारीला हात लावू दिला नाही. आधी पैंतरा, म्हणजे गुडघे वाकवून उभं राहणं. ज्यांनी गेल्या दहा वर्षांत फक्त खुर्चीत वाकून बघितलंय, असे आमचे मावळे दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरू लागले. एका डेटा सायंटिस्टने डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं. प्रत्यक्ष प्रयोगात केळकर सेनापती होते. त्यांनी "हर हर महादेव" म्हणून तलवार उपसली, तेव्हा पातं म्यानातच राहिलं आणि नुसती मूठ हातात आली. केळकर अखेरपर्यंत मुठीनेच लढले. टाळ्या मात्र खूप पडल्या.

पुढचं दृश्य पडद्यामागचं, म्हणजे जेवणाच्या रांगेतलं. इथे नागरिक असलेल्या आणि पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, घेतलेल्या मुलग्यांना वयात आल्यावर दोन वर्षं लष्करात काढावी लागतात. त्याला एनएस म्हणतात. नुसत्या तात्पुरत्या पासवर राहणाऱ्यांना नाही. त्यामुळे आमच्यात एक रीत पडलेली आहे: आईवडिलांनी पीआर घ्यायचं, मुलीला घ्यायचं, आणि मुलाला तेवढं पासवर ठेवायचं. कपाळावर अजून सेनापतीचं गंध असलेले केळकर मसालेभात वाढून घेत एका नवख्या बापाला हेच समजावत होते. "देशसेवा वगैरे ठीक आहे हो, पण अपॉर्च्युनिटी कॉस्ट बघा ना." आम्हाला एकुलती एक मुलगी, त्यामुळे आमचं शौर्य कसोटीला लागलंच नाही, मी मुकाट्याने कोशिंबीर घेतली.

फौजी मागेच उभा होता. "तलवार थर्माकोलची अन् पोरगं पासवर," तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला. "सरकार असते तर एकेकाला पैंतऱ्यात उभं केलं असतं, मसालेभात निवेपर्यंत."

त्याला बोलायचा अधिकार होता. त्याचा मुलगा तेगबीर प्राथमिक शाळेत होता तेव्हाच त्याने त्याचं नाव पीआरच्या अर्जात घातलं होतं, डावा डोळा मिटून. "फौजींचं पोरगं फौजेत नाही जायचं तर कुठं जायचं?" घराण्यात त्या खापरपणजोबानंतर कोणी सैन्यात गेलंच नव्हतं. आजोबा शाळामास्तर, वडील पोस्टात, आणि हा टेबलांना टोप्या घालणारा. एवढ्या पिढ्यांचं ते नुसतं आडनाव पोराने खरं करून दाखवावं, अशी त्याची इच्छा होती.

त्याच्या बायकोची, मनजीतवहिनींची, नव्हती. त्यावरून त्या घरात जे झालं ते आमच्या भिंतीतून आम्हाला ऐकू आलं. पुढे नांदेडला फौजीच्या आईने अंथरूण धरलं आणि वहिनी तिचं करायला तिकडे गेल्या. जायच्या आधी मेधाजवळ स्वयंपाकघरात बसून म्हणाल्या, "ह्यांनी माझं पोरगं भिंतीवरच्या तलवारीला देऊन टाकलं, ताई." तेव्हापासून बापलेक दोघेच.

आणि तेगबीर कसा, तर बापाचं एकही लक्षण नसलेला. उंच, किरकोळ, हळू बोलणारा. पॉलिटेक्निकमधून आला की ब्लॉकखालच्या मांजरांना खाणं घालतो आणि प्रत्येकीला नावाने हाक मारतो. घरात झुरळ निघालं तर पेल्याखाली धरून खाली बागेत सोडून येतो. बाप पैंतरा शिकवायला लागला की म्हणतो, "पा, यूट्यूब हॅव व्हॉट," म्हणजे हे यूट्यूबवर आहे की. मला एकदा लिफ्टमध्ये म्हणाला, "अंकल, माय फादर आह, व्हेरी ड्रामा वन. बट हार्ट इज गुड लाह."

यंदा त्याचं बोलावणं आलं. फौजीने सगळ्या मजल्यावर लाडू वाटले. केळकरांचा सहानुभूतीचा फोन आला, की काही मेडिकल ग्राउंड वगैरे बघता येईल का, माझ्या ओळखीचे आहेत. फौजीने दिलेलं उत्तर इथे लिहिता येणार नाही. नांदेडलासुद्धा ते सगळीकडे चालत नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून कॉरिडॉरमध्ये वेगळाच फौजी दिसायला लागला. दार लोटून, पाठ करून उभा राहायचा आणि लष्कराच्या चौकशीच्या नंबरवर फोन करायचा. "मॅडम, बंक बेड अप्पर ऑर लोअर?... अप्परला रेलिंग किती उंच?... मॅडम, कपाटाच्या कोपऱ्याला रबर हाय का? नो, नो, आय अ‍ॅम सेफ्टी ऑफिसर, आय नो... मॅडम, ही डझ नॉट किल कॉकरोच ऑल्सो." पलीकडच्या बाई फारच सोशिक असाव्यात. रोज कोणीतरी नवीन प्रश्न ऐकून घेत होतं. एकदा मी नेमका दार उघडून बाहेर आलो, तर मला बघून त्याने आवाज चढवला, "हां हां, ट्रेनिंग कडक असलं पायजे! नो मर्सी!" आणि फोन बंद केला.

त्याच दिवसांत रविवारच्या धारेला सुट्टी मिळाली. मिसेस टॅन सुरा घेऊन दोनदा येऊन गेल्या.

सकाळी मात्र एक गोष्ट लांबायला लागली. पगडीचं कापड बांधायच्या आधी ताणून दुमडायला दोन माणसं लागतात, एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं. त्यांच्या घरात तेवढी लांबी नाही, म्हणून हे काम रोज कॉरिडॉरमध्ये चालायचं. आधी तेगबीरचं निळं कापड, मग फौजीचं केशरी. एरवी दोन मिनिटांचं काम. आता फौजी घडी मोडायचा, "सरळ नाही आली, पुत्तर, परत," म्हणायचा. "पा, आय लेट ऑलरेडी," पोरगं कुरकुरायचं, पण टोक सोडत नसे. आम्ही ऑफिसला निघायचो ते त्या कापडाखालून वाकून.

जायच्या दिवशी फौजी माझ्या दारात आला. "साठेसाहेब, चलता का? नाही म्हणजे, माणूस बरोबर लागतंय. फोटोबिटो काढायला." मी रजा टाकली.

नवीन मुलांचं शिबिर तेकोंग नावाच्या बेटावर असतं. बोटीने जायचं. पहिल्या दिवशी घरच्यांना बरोबर येऊ देतात: हॉलमध्ये शपथ, मुलांच्या खोल्या, मग मोठ्या भोजनशाळेत सगळ्यांनी मिळून जेवण. बोटीत फौजी मोठमोठ्याने बोलत होता. शेजारच्या मलय जोडप्याला त्याने लाहोरी फौज सांगितली, सरकारांची तोफखान्याची शिस्त सांगितली, मुलाचं नाव तेग म्हणजे तलवार आहे हेही सांगितलं. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. शपथेच्या वेळी शेकडो पोरांच्या रांगेत ती निळी पगडी लगेच दिसली. फौजी टाचा जुळवून उभा होता.

खोल्या बघताना मात्र लाहोर मागे पडलं. तेगबीरच्या पलंगाचा कोपरा त्याने तळहाताने दाबून बघितला. गादी बघितली. पंखा वर बघितला.

बाहेर एका टेबलावर पालकांना बघायला म्हणून मुलांना मिळणारं सामान मांडलं होतं. बूट, शिरस्त्राण, पाठीवरची पिशवी आणि एक रायफल. बापलोक रायफल उचलून फोटो काढून घेत होते. मी मोबाइल सरसावला. ज्या माणसाने पपई कापणाऱ्या सुरीला हात जोडले, त्याच्यासमोर जन्मात पहिल्यांदा खरं, सैन्यातलं हत्यार होतं. तरुण सार्जंट म्हणाला, "सर, कॅन कॅरी. नो बुलेट इनसाइड."

फौजीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"किती वजन हाय?" त्याने विचारलं. मराठीतच. सार्जंट नुसता हसला. "जड हाय," फौजी स्वतःशीच म्हणाला. "त्याला जड होईल."

जेवण झालं. घोषणा झाली. सगळीकडे आया डोळे पुसत होत्या आणि पोरं लाजत होती. तेगबीरने आधी माझ्या पायाला हात लावला, मग बापाच्या. "पा, डोन्ट फर्गेट द कॅट्स, ओके? द ब्राउन वन ओन्ली इट वेट फूड." फौजी "हां, हां," म्हणाला. पोरगं रांगेत मिसळलं. त्याने मागे वळून बघितलं, तेव्हा फौजी पलीकडच्या झाडाकडे बघत होता. ते त्याने मुद्दाम केलं, हे मला शेजारी उभा असल्यामुळे दिसलं.

परतीच्या बोटीत तो मागच्या कठड्याशी उभा राहिला. नांदेडहून फोन आला. त्याने स्पीकर लावला, ऐकू येईना म्हणून.

"सोडून आलाव का?" मनजीतवहिनी.

"आलो."

"जेवला का तो?"

"जेवला. भात, चिकन, भाजी. ताट पुसून खाल्लं. मी बसलो होतो समोर."

बोटीचं इंजिन घरघरत होतं. मग वहिनी म्हणाल्या, "अन् तुम्ही? तुम्ही जेवलाव का?"

फौजीने फोन कानाला लावला, मान हलवली, जणू तिकडे दिसणार आहे, आणि फोन खिशात ठेवला. बेट मागे मागे जात होतं. मला वाटलं आता तो सरकारांबद्दल काहीतरी बोलेल. बोलला, पण निराळंच.

"साठेसाहेब, आमचा तो खापरपणजोबा लाहोरहून निघाला, तवा एवढाच असंल, नाही? तेगबीरएवढा?"

"असेल."

"त्याला आई असंल की."

मी त्याच्याकडे बघितलं.

"पोरगं म्हणलं असंल, दक्खनला जायलो, सरकारचा हुकूम हाय. तिला काय ठाऊक, कुठं दक्खन अन् कुठं नांदेड? सरकारला एक शिपाई. तिला तर तेवढंच पोरगं असंल. ती दारात बसून राहिली असंल. अन् इकडं ह्यानं लगीन केलं, घर बांधलं, परत गेलाच नाही." त्याने हसायचा प्रयत्न केला, तो साधला नाही. "आमच्या घरी त्याची तलवार सगळ्यांला ठाऊक हाय. मूठ कशी, पातं कसं, तेल कोणतं लावायचं. सरकारच्या आवडत्या घोड्याचं नाव बी मला तोंडपाठ हाय. तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. मी लहानपणापासून एवढे प्रश्न विचारले वडलांना, हा नाही विचारला."

वाऱ्याने त्याची दाढी उडत होती. त्याने ती हाताने दाबून धरली.

"वडील गेले. आईला आता काही आठवत नाही," तो म्हणाला. "काय नाव असंल हो तिचं?"

बोट चांगीच्या धक्क्याला लागली. लोक उतरले, पायऱ्या रिकाम्या झाल्या, तरी तो तिथेच उभा होता. बोटीवरचा माणूस "सर, सर" म्हणून हाका मारायला लागला, तेव्हा मी त्याला हाताने खूण केली, की जरा थांब.